गाळलेली ओळ

किल्लीला आठवा महिना लागला, त्या रविवारी घरात पहिली तालीम झाली. तिच्या वडिलांनी, दादांनी, खिशातून स्टॉपवॉच काढलं, काका म्हणजे भाऊ दारातल्या गाडीत जाऊन बसला आणि वरच्या मजल्यावर भाऊच्या बायकोने, धाकटीने, पोटावर उशी बांधून 'आई गं' म्हटलं. म्हटलं ते इतक्या हळू, की जिन्यात टपून उभ्या असलेल्या जावयाला, मास्तरांना, ऐकूच आलं नाही. पहिली दोन मिनिटं सगळं घर एकमेकांची वाट पाहत उभं राहिलं. दादा चिडले. त्यांनी काटा शून्यावर आणला आणि पुन्हा सुरुवात करायला लावली. खुर्चीत बसून हे सगळं पाहणाऱ्या किल्लीला हसू आवरेना. ती पोट धरून म्हणाली, काकूला कळा देता येत नसतील तर मी शिकवते.

तालमीची कल्पना आत्याची. पोटुशीचं सोंग धाकटीकडे आलं, कारण खऱ्या पोटुशीला जिन्याचे खेटे घालायला लावायचे नाहीत, असा आत्याचा दंडक होता आणि त्या घरात आत्याच्या दंडकाला अपील नव्हतं. मास्तर आणि भाऊ धाकटीला खुर्चीसकट उचलून जिना उतरले, तेव्हा ती वरूनच म्हणाली, "सत्तावीस वर्षांत वन्संनी मला पहिल्यांदा डोक्यावर घेतलं, तेही उशीमुळे." भाऊ हसला. आत्या हसली नाही. तिचं लक्ष जिन्याच्या वळणाकडे होतं, जिथे खुर्चीचा पाय भिंतीला घासत होता. दुसऱ्या दिवशी तिने सुताराला बोलावून तिथला कठडा कापून घेतला.

घराण्याचा धंदा घड्याळांचा. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दादांच्या वडिलांपासून सगळी बोटं चिमट्यासारखी बारीक आणि सगळ्या नजरा एका बाजूने थकलेल्या. किल्ली हे नाव दादांनीच ठेवलेलं. चार वर्षांची असताना दुकानातल्या प्रत्येक घड्याळाला ती किल्ली देत हिंडायची आणि कोणी मदतीला आलं की चावायची. आता अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर तिचा हात दादांपेक्षाही स्थिर होता, हे दादा गिऱ्हाइकाला सांगत. तिला कधी सांगत नसत.

पण त्या घरात अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक दुपार होती, आणि ती कोणी कोणाला सांगत नसे. किल्लीची आई तिला जन्म देऊन वरच्याच खोलीत वारली. रक्त थांबेना. दादा तेव्हा चौकातल्या मनोऱ्यावर, तिथलं मोठं घड्याळ खोलून बसले होते. घरातली माणसं 'त्यांना येऊ दे, मग ठरवू' म्हणत दारात उभी राहिली. ते आले, तेव्हा ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दुपारी वहिनीचा हात आत्याच्या हातात होता. आत्या तेव्हा बावीस वर्षांची, लग्न ठरलेली. त्या लग्नाची तारीख आधी पुढे गेली, मग तिच्याविषयी कोणी बोलेना. आणि आत्या त्या मुलीची आई झाली.

म्हणून या खेपेला ती काहीच नशिबावर सोडणार नव्हती. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर तिच्या टपोऱ्या अक्षरातला एक कागद डकवलेला होता. किल्लीचा रक्तगट. त्या गटाची तीन माणसं: भाऊ, कोपऱ्यावरचा पाववाला आणि शाळेतला शिपाई, तिघांनाही आत्याने स्वतः भेटून कबूल करून घेतलं होतं. गाडी बंद पडलीच तर पाववाल्याची. तिसरी सोय म्हणून रुग्णवाहिकेचा नंबर. दाराशी भरलेली पिशवी, पिशवीत काय काय त्याची यादी, दादा घरी नसले तर होकार कोण देणार त्याचं उत्तर: 'जो जवळ असेल तो.' ही शेवटची ओळ तिने दोनदा अधोरेखित केली होती.

आणि त्याखाली धोक्याच्या खुणा. त्या तिने दवाखान्यातल्या सिस्टरने दिलेल्या पत्रकावरून उतरवल्या. पत्रकाची अक्षरं मुंगीएवढी; जवळच्या चष्म्याशिवाय कोणाला ती दिसेनात, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून काढायला ती संध्याकाळच्या चहाच्या वेळी टेबलाशी बसली होती. दादा, भाऊ आणि धाकटी भोवती होते; किल्ली वर निजली होती आणि मास्तर अजून शाळेतून यायचे होते. ती एकेक ओळ मोठ्याने वाचे आणि मग लिही. अंगावरून रक्त जाणं. पाणी जाणं. बाळाची हालचाल मंदावणं. ताप. मग तिने वाचलं, "सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसणं, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज."

दादांनी कप खाली ठेवला. "ही ओळ लिहिलीस, तर बाळंतिणीच्या खाटेवर आधी मला निजवावं लागेल."

सगळे हसले, कारण ते खरंच होतं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करणाऱ्या त्या घरात डोकेदुखी आणि ठिणग्या ही पाहुणी नव्हती, घरातलीच होती. तिला त्यांचा स्वतःचा शब्द होता: भिंगकळ. तिचा इलाजही घरचाच. मागच्या खोलीचा जाड पडदा ओढायचा, डोळ्यांवर ओला कपडा ठेवायचा आणि अर्धा तास कोणाशी बोलायचं नाही. दादांना ती आठवड्यातून एकदा येई, भाऊला महिन्यातून. किल्लीला ती पंधराव्या वर्षी पहिल्यांदा आली, तेव्हा दादांनी दुकानात पेढ्यांसारखी बातमी वाटली होती, की पोरगी आता खरी घड्याळजी झाली. त्या घरात ते दुखणं नव्हतं, तो अधिकार होता.

आत्याही हसली. पेन उचलून तिने पुढची ओळ लिहायला घेतली.

धाकटी ओट्याशी बटाटे सोलत होती. ती हसली नाही. वर न पाहता म्हणाली, "लिहायला काय जातंय, वन्सं? एक ओळ तर आहे."

लग्नाआधी धाकटी एका दवाखान्यात केसपेपर काढायला बसायची. त्यामुळे तिला आजारांची नावं ठाऊक होती, आणि ती ठाऊक आहेत हे तिने दाखवलं की आत्याला काहीतरी टोचे. सत्तावीस वर्षं टोचत आलं होतं: वहिनीच्या जागी आलेली नसूनही ही बाई वहिनीच्या ओट्याशी उभी राहते, आणि किल्ली शाळेतून आली की आधी हिच्याकडे धावायची, कारण हिच्याकडे खाऊ असायचा.

"हा कागद आहे," आत्या म्हणाली, "केसपेपर नव्हे."

पुन्हा सगळे हसले, पण या वेळचं हसू एका बाजूला कललेलं होतं. धाकटीने सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

*

नववा महिना भरत आला. तालमी चार झाल्या. वरच्या खोलीपासून हॉस्पिटलच्या दारापर्यंतचा वेळ सतरा मिनिटांवरून अकरावर आला आणि दादांनी भाऊला सांगितलं, की वळणावर अजून वीस सेकंद निघतील. मास्तर गणित शिकवत. त्यांनी रस्त्यावरच्या सिग्नलांची सरासरी काढून दिली. घरजावई म्हणून धाकटी त्यांना चिडवायची, त्यावर ते म्हणत, काकू, मी घरजावई नाही, मी आणीबाणीची तरतूद आहे. त्या दिवसांत घर आनंदात होतं. भीतीला काम मिळालं की ती आनंदासारखी दिसते, हे आत्याला फार नंतर कळलं.

सोमवारी किल्ली सकाळी उशिरा उठली. डोकं ठणकतंय, म्हणाली. आत्याने तिच्या कपाळावर हात ठेवला, ताप नव्हता. तिने मागच्या खोलीचा पडदा ओढला, कपडा भिजवून पिळला, किल्लीच्या डोळ्यांवर ठेवला आणि दार लोटून घेतलं. दाराशी दादा उभे होते. ते हळूच म्हणाले, बघ, काम सोडलं तरी कळ सोडत नाही. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

मंगळवारी किल्लीने बोटातली अंगठी साबण लावून काढली आणि दोऱ्यांच्या डबीत ठेवली. बोटं जड झालीत, म्हणाली. शेवटच्या दिवसांत होतातच, असं आत्याने सांगितलं, कारण तिनेही ते कोणाकडून तरी ऐकलं होतं. त्या दुपारी किल्लीने कपडा डोळ्यांवरून उचलून विचारलं, "आत्या, डोळे मिटले तरी ठिणग्या दिसतात. दादांना मिटल्यावरही दिसतात का?"

"मिटल्यावरच जास्त दिसतात. पड तू."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःला भिंगकळ कधीच आलेली नव्हती. ती कधी भिंगाला बसलीच नव्हती. पण त्या घरात उत्तर देणारी ती होती, आणि उत्तर देण्याची सवय माणसाला ज्ञानासारखी वाटू लागते.

बुधवारी जिन्यात धाकटीने तिला गाठलं. हातात धुण्याची बादली होती. तिने ती पायरीवर ठेवली, म्हणजे बोलणं थोडक्यात होणार नव्हतं. तिने सुरुवात किल्लीच्या चेहऱ्यापासून केली. पापण्या सुजल्यात. सकाळी तर ओळखू येत नव्हती. आणि मग ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही तिला भिंगावरून उठवून बारा दिवस झाले. भिंगाला न बसता भिंगकळ कशी येईल?"

हा प्रश्न आत्याने ऐकला. तो बरोबर आहे, हेही तिला त्याच क्षणी कळलं. त्याबद्दल नंतर तिने स्वतःला कधी फसवलं नाही. पण तो धाकटीच्या तोंडून आला होता.

"भिंग डोळ्यावरून उतरलं म्हणून डोळ्यातून जात नसतं," ती म्हणाली.

धाकटीने मान डोलावली नाही. आज दुपारी मी तिला नुसतं प्रेशर मोजायला घेऊन जाते, जाऊन येऊन तास लागेल, असं ती म्हणाली. आत्याने सांगितलं, की परवा शुक्रवारी तारीख आहेच. मागच्या खेपेला प्रेशर चांगलं होतं. नवव्या महिन्यात पोरीला घाबरवण्याचं काम कोणी करू नये. आणि मग, बादली उचलणाऱ्या धाकटीच्या पाठीला, ती आणखी एक वाक्य बोलली. तू तिची आई नाहीस.

धाकटी वळली नाही. जिना चढताना ती फक्त म्हणाली, "आपण दोघीही नाही, वन्सं."

*

गुरुवारी दुपारी तीन वाजता आत्या मागच्या खोलीत कपडा बदलायला गेली. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक उभी रेघ भिंतीवर पडली होती. किल्ली छताकडे पाहत होती. पाहत होती असं आत्याला वाटलं. मग तिचा जबडा एका बाजूला ओढला गेला, हात ताठ झाले आणि सगळी खाट कडकडू लागली.

आत्याने काय केलं, तर धावत जाऊन चमचा आणला. दातखीळ बसली की दातांमध्ये चमचा घालतात, एवढंच तिला ठाऊक होतं. तो ती घालणार, इतक्यात कोणीतरी तिच्या मनगटावर फटका मारला आणि चमचा खोलीभर वाजत गेला. धाकटी होती. तिने किल्लीला डाव्या कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर सरकवला, तोंडातला फेस बोटाने पुसला. तोंडात काही घालायचं नाही, म्हणाली, श्वास मोकळा राहू द्या. आवाज अगदी सपाट होता; तालमीत तिला जमला नव्हता तो आवाज आत्ता दारापर्यंत पोहोचला. भाऊला गाडी काढायला सांगा.

आणि मग सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ते आठवलं की आत्याला पुढे कित्येक महिने घास गिळवत नसे: की सगळं ठरल्याप्रमाणे झालं. झटका ओसरताच मास्तर आणि भाऊ किल्लीला चादरीवर घेऊन जिना उतरले. कापलेल्या कठड्यापाशी कोणाचाही खांदा घासला नाही. पिशवी आपोआप कोणाच्या तरी हातात आली. दादा घरी नव्हते, होकारासाठी कोणी थांबलं नाही. गाडीत धाकटीने किल्लीला कुशीवर धरून ठेवलं होतं. दादांना निघतानाच फोन गेला होता; ते ओळखीच्या एका दुकानदाराच्या सायकलीवरून थेट हॉस्पिटलच्या दारात पोहोचले आणि गाडी आत शिरताना त्यांनी, सवयीने, मनगटाकडे पाहिलं. फोन आल्यापासून दहा मिनिटं चाळीस सेकंद. ते मोठ्याने बोलले, आणि लगेच त्यांनी तो हात पाठीमागे नेला.

कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, केस मागे घट्ट बांधलेले. प्रेशर फार चढलंय, त्यामुळे झटके आलेत, ते थांबवायचं इंजेक्शन सुरू केलंय, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "डोकं दुखत होतं का? कधीपासून?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"सकाळपासून," आत्या म्हणाली. तिच्या जिभेने तिला न विचारता ते सांगितलं.

"नाही, डॉक्टर," धाकटी म्हणाली. "सोमवारपासून. डोळ्यांपुढे ठिणग्याही. मंगळवारी बोटं सुजली, काल पापण्या. यांना धक्का बसलाय, यांना आठवत नाहीये." आणि तिने आत्याचा दंड धरला. आधारासाठी की गप्प बसवण्यासाठी, ते आत्याला कळलं नाही. पण तिने तो सोडवून घेतला नाही.

डॉक्टरीणबाईंनी ते वार कागदावर टिपून घेतले. मग आत गेल्या.

साडेतीनला पाववाला आला. अंगभर पीठ तसंच, पण उजवी बाही कोपराच्या वर दुमडलेली. त्याच्या मागोमाग शाळेतला शिपाई. त्यानेही बाही दुमडली होती. दोघे भाऊच्या शेजारी बाकावर ओळीने बसले. परिचारिका जवळून गेली की पाववाला अर्धवट उठे आणि पुन्हा बसे. पाऊण तासाने आत्याने त्याला सांगितलं, की रक्त लागत नाहीये. त्याला ते समजेना. त्याने हात पुढे करून विचारलं, माझं चालत नाही का? आत्याला त्या उघड्या, पीठ लागलेल्या हाताकडे पाहवेना. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हा हात असता, तर वहिनी वाचली असती. तेवढ्यासाठीच ती आठ महिने राबली होती. मृत्यू ज्या दाराने एकदा आला, त्या दाराला तिने कुलपं घातली, साखळ्या घातल्या, पहारे बसवले. आणि तो मागच्या खोलीत तिच्याच हातच्या ओल्या कपड्याखाली येऊन निजला होता.

पाच वाजता ऑपरेशन झालं. मुलगी होती. किल्लीला आत नेलं, तेव्हाच बाळाचे ठोके लागत नव्हते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आईचं अजून काही सांगता येणार नाही, चोवीस तास जाऊ द्या. मास्तर म्हणाले, मला बघायचंय तिला. ते एकटेच आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. भिंतीला टेकून ते एवढंच म्हणाले, की नखं वाढलेली होती, कापायला झाली होती.

दादांनी तेव्हा विचारलं, हे असं का झालं. डॉक्टरीणबाईंनी कागद खाली घेतला. "कधी कधी हे अचानक होतं," त्या म्हणाल्या. "पण बहुतेकदा शरीर आधी सांगतं."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी किल्लीचा धोका टळल्याचं कळलं, आणि त्यानंतरच घराला आपापसात बोलायची हिंमत आली. हॉस्पिटलच्या उपाहारगृहात, कोपऱ्यातल्या टेबलाशी, पाच जण बसले. चहा आला आणि निवत राहिला.

दादांनी डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य जपून ठेवलं होतं. अचानक झालं, ते म्हणाले. डॉक्टर म्हणाल्याच की. किल्लीला हेच सांगायचं. बाकीचं तिच्या कानावर घालून काय साधणार? तिला शरीर भरून काढायचंय. भाऊने मान हलवली. भाऊ आयुष्यभर दादांच्या वाक्यांनंतर मान हलवत आला होता. दादा आपल्याला वाचवत आहेत, हे आत्याला कळत होतं. आणि तिला वाचवता वाचवता ते त्या संध्याकाळचं आपलं हसूही पदराआड घालत होते, हेही.

मास्तरांचे डोळे लाल होते. दोन दिवस ते गणिताच्या माणसासारखे मागे मागे जात होते, पायरी चुकली कुठे ते शोधत. ते म्हणाले, "आत्या, सिस्टरने पत्रक दिलं होतं ना? त्यात ही डोकेदुखी नव्हती का? आपल्या कागदावर तर नाहीये. मी काल रात्रभर तो कागद आठवतोय."

ती ओळ गाळली, तेव्हा मास्तर शाळेत होते. बाकीचे चौघे तिथे होते.

आत्याने तोंड उघडलं. शब्द घशाशी आले होते, ती शपथेवर सांगू शकली असती.

"पत्रक माझ्या हातून गहाळ झालं," धाकटी म्हणाली. "खालचा अर्धा भाग भिजला होता, मी टाकून दिला. वन्संना तो वाचायलाच मिळाला नाही."

भाऊने चमकून बायकोकडे पाहिलं. धाकटीने टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दादा कपातल्या सायीकडे बघू लागले.

मास्तरांनी समोरचा कप दूर सारला. ते मृदू माणूस होते, आणि मृदू माणसाचा राग कुठे जायचं ते शिकलेला नसतो. "काकू," ते म्हणाले, "तुम्ही दवाखान्यात काम केलेलं. बाकी कोणाला नाही, तरी तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही एकदा तरी बोलायचं."

"हो," धाकटी म्हणाली. "बोलायला हवं होतं."

तिने जिन्यातली बादली काढली नाही, बटाटे काढले नाहीत. हात पुसून ती उठली आणि किल्लीसाठी गरम पाणी मिळतंय का ते बघायला गेली. आत्या तिथेच बसून राहिली. समोर तिच्या वाटणीचा चहा होता, त्यावर साय धरली होती, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की आपल्या अंगावर कोणीतरी स्वतःचं पांघरूण घालून उघड्यावर निघून गेलं आहे.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी किल्लीला साध्या खोलीत आणलं. एक खिडकी, एक खाट, एक स्टूल. बाळाचं मास्तरांनी तिला आधीच सांगितलं होतं. ती रडली नव्हती. फक्त, नखांचं काय म्हणालात, असं तिने दोनदा विचारलं होतं. आता मास्तर आंघोळीला घरी गेले होते आणि आत्या स्टुलावर होती.

किल्लीने मान खाली करून स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. अंगरख्यावर दोन ओले डाग पसरत होते. ते काय आहे ते तिला आधी कळलं नाही. कळलं, तेव्हा तिने हाताने ते झाकले.

"आत्या, हे आता कशाला आलं?"

आत्याने रुमाल काढला, घडी केला, तिच्या हाती दिला. या वेळी तिने उत्तर बनवलं नाही.

खिडकीबाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं. खराटा लांबवर जाई आणि परत येई. किल्ली म्हणाली, डॉक्टर म्हणतात, डोकं दुखलं तेव्हाच यायला हवं होतं. दादा म्हणतात, अचानक झालं. मग ती आत्याकडे वळली. औषधांनी चेहरा अजून जड होता, पण नजर तीच होती, बारीक स्प्रिंगेतला वाक हुडकणारी. "आणि हे म्हणतात, काकूने पत्रक हरवलं. काकू तर किराण्याच्या पावत्यासुद्धा जपून ठेवते."

दादांनी दिलेलं वाक्य आत्याच्या ओठांशी तयार होतं. ते म्हटलं असतं, तर ही मुलगी तिची राहिली असती. तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. ना घर, ना नवरा, ना भिंगाची कला. एवढी एक मुलगी होती.

"पत्रक हरवलं नाही," आत्या म्हणाली. "ते माझ्या ट्रंकेत आहे. डोकेदुखीची ओळ त्यात होती. मी मोठ्याने वाचली आणि लिहिली नाही. आम्ही हसलो त्या ओळीला, आपल्या घरात सगळ्यांचंच दुखतं म्हणून."

किल्लीची बोटं रुमालावर थांबली.

"काकू म्हणाली होती, लिहा. बुधवारी पुन्हा म्हणाली, तुला दवाखान्यात नेते. मी नेऊ दिलं नाही."

"का?"

आत्याने या एका शब्दावर तीन दिवस विचार केला होता, आणि तिला वाटलं होतं, की उत्तर लांबलचक असेल. त्यात वहिनी असेल, मनोरा असेल, मोडलेलं लग्न असेल. पण ते फार लहान निघालं.

"ती म्हणाली म्हणून."

खराटा थांबला. किल्लीने डोळे मिटले. तिच्या हातातला रुमाल पूर्ण भिजला होता. आत्याला वाटलं, आता ती ओरडेल, किंवा तोंड फिरवेल, किंवा, आणि हे तिला सगळ्यात असह्य वाटलं, हात पुढे करेल. किल्लीने यातलं काही केलं नाही. ती म्हणाली, अगदी हळू, लहानपणी तापात पाणी मागायची तशी:

"काकूला बोलाव."

आत्या उठली. दारापर्यंतची सहा पावलं तिने टाकली. बाहेर बाकावर धाकटी भिंतीला डोकं टेकून बसली होती, डोळे मिटून, चपला काढून पाय एकमेकांवर ठेवून. गेले तीन दिवस ती तिथेच बसे. आत जायला तिला कोणी मना केलं नव्हतं, पण 'ये' असंही कोणी म्हटलं नव्हतं.

"जा आत," आत्या म्हणाली. "तिला तू हवी आहेस."

धाकटीने डोळे उघडले. आत्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती सावरून बसली. "सांगितलंत तुम्ही तिला?"

"हो."

"कशाला सांगितलंत, वन्सं? मला काय फरक पडत होता."

"दूध आलंय तिला," आत्या म्हणाली. "मला त्यातलं काही येत नाही. जा लवकर."

धाकटी चपला घालायलाही थांबली नाही. दार तिच्यामागे लोटलं गेलं, पुरतं लागलं नाही. आत आधी काही ऐकू आलं नाही. नुसती हालचाल, खाटेची कुरकुर, धाकटीचं काहीतरी अर्धवट पुटपुटणं. आणि मग तीन दिवस न रडलेली किल्ली रडू लागली. तो आवाज आत्याने अठ्ठावीस वर्षांत ऐकला नव्हता. वरच्या खोलीत, वहिनीचा हात सोडून पहिल्यांदा कुशीत घेतलेल्या त्या एवढ्याशा जिवाचाही तो तसा नव्हता.

तिचा हात दाराच्या मुठीवर गेला होता. तिने तो काढून घेतला. दार ओढून हळूच पुरतं लावलं, खाली पडलेल्या धाकटीच्या चपला उचलून जोडीने भिंतीशी ठेवल्या, आणि बाकावर, धाकटी उठली होती त्याच जागी, बसली. लाकूड अजून उबदार होतं.